आबांचं मौन

सुपारी दातांनी फोडता येते. फोडणाऱ्याला दात हवेत.

केडगावात पुणे रस्त्याला एका हार्डवेअरच्या दुकानावर एक खोली आहे. तिच्या छताला कापडी झोळी टांगलेली आहे, जमिनीवर गाद्या आहेत, आणि शहाणीसुरती माणसं तिथे चपला काढून रांगायला लागतात.

पुरणपोळीची कणीक तिंबून झाकून ठेवावी. मुरेपर्यंत तिला कुणी हात लावू नये.

एप्रिल महिन्यात वस्तीवर कुणी माकडटोपी घालत नाही. या गोष्टीत एकीने घातली आहे.

आट्यांच्या झाकणाचा डबा उघडायला दोन हात लागतात. एकाने डबा धरायचा, दुसऱ्याने झाकण फिरवायचं. ज्याचे दोन्ही हात चालतात त्याला हे आयुष्यात एकदाही सुचत नाही.

कानिफनाथने अंगठी कपाटात ठेवली होती. ती शेवटपर्यंत कपाटातच होती.

थंड

त्या रविवारी सकाळी सूर्यभान आबांनी मोरीच्या खिडकीतला स्टीलचा पेला उचलला, आत पाहिलं, पाणी ओतून टाकलं आणि पुन्हा आत पाहिलं. दात नव्हते.

"अगं ए," त्यांनी हाक मारली.

दातांशिवाय आबांचं बोलणं म्हणजे नुसती फुंकर. बनुबाईंना ते संसारभराच्या सवयीने कळायचं, आणि त्यांना जसं कळायचं तसंच इथे लिहिलं आहे.

"पेल्यात दात न्हाईत."

"तोंडात बघा."

"तोंडात असते तर पेल्यात कशाला बघितलं असतं?"

बनुबाईंनी कणकेचे हात पदराला पुसले. आज धाकट्या कानिफनाथची सुपारी फुटायची होती. नेवाशाकडचे पाहुणे अकराला यायचे होते, त्यांना आणायला थोरला आदिनाथ जीप घेऊन पहाटेच गेला होता. आणि सुपारी फोडणार होते आबा. दातांनी.

हा आबांचा मान होता. तरुणपणी त्यांनी कुस्त्या मारल्या, त्या आता कुणाच्या लक्षात नव्हत्या. पण भावकीत कुठलंही लग्न ठरलं की आबांना बोलावणं यायचं. ते सुपारी दाढेखाली धरायचे, डोळे मिटायचे, 'कट' असा आवाज यायचा आणि बैठक टाळ्या पिटायची. मग आबा पोरांना कडुलिंबाच्या काडीचं महत्त्व सांगायचे. पुढे एकेक करून दात गेले. मान मात्र राहिला. तेव्हा आबा पाठोपाठचे काही गुरुवार शिर्डीला गेले. वस्तीला वाटलं म्हातारा भक्तीला लागला. खरं तर तिथल्या एका गल्लीत दातांचा डॉक्टर होता आणि तिथे ओळखीचं कुणी भेटत नव्हतं. त्यानंतर सुपारी बनुबाई आदल्या रात्री अडकित्त्याने फोडायच्या आणि गुळाच्या पाकाने चिकटवून वाळत ठेवायच्या. आबांनी नुसती दाढ टेकवायची. 'कट' हा आवाज ते जिभेने काढायचे. तेवढ्यासाठीही दात लागायचे, कारण सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत असायचे.

"उंदरानं नेले असतील," बनुबाई म्हणाल्या.

"उंदराला सुपारी फोडायचीय व्हय?"

तेवढ्यात दारात पाच वर्षांची ज्ञानेश्वरी दिसली. आदिनाथ आणि पंकजाची मुलगी. आजीआजोबांकडे बघून ती गालातल्या गालात हसत होती, आणि तिच्या हाताला पांढरं पीठ लागलेलं होतं.

"ज्ञानू, आबांचे दात बघितले का गं?"

"लपवले," ज्ञानू म्हणाली. "आता तुमी शोधा."

बनुबाईंनी तिच्या हाताकडे पाहिलं. मग कणकेच्या परातीकडे.

परात रिकामी होती.

अजून थंड

याला कारण होतं केडगावचं.

ज्ञानू दिवस भरायच्या आत जन्मली होती. तिचा डावा हात कायम छातीशी दुमडलेला असायचा, मूठ मिटलेली. उजव्या हाताने ती सगळं करायची आणि डाव्याला विसरून जायची. वर्षभरापासून पंकजा तिला दर गुरुवारी केडगावला एंजेला मॅडमकडे घेऊन जात होती. पाटीवर 'ऑक्युपेशनल थेरपी' असं लिहिलं होतं. आबा त्याला 'हाताचा दवाखाना' म्हणायचे, आणि दवाखाना म्हटल्यावर तिथे इंजेक्शन, मालिश, निदान एखादं कडू औषध तरी असेल असं धरून चालले होते.

गेल्या गुरुवारी पंकजाला ताप होता म्हणून ज्ञानूला घेऊन आबा गेले. वर जाऊन बघतात तर मॅडम गादीवर पालथ्या पडून मांजराचा आवाज काढत होत्या. ज्ञानू कापडी बोगद्यातून रांगत त्यांना शोधत होती. मग दोघींनी दुकान दुकान खेळलं. मग कणकेचा एक गोळा आणून त्यात मणी लपवले. आबा भिंतीला टेकून तासभर वाट बघत बसले.

"मॅडम," शेवटी ते म्हणाले, "आवशिद कवा द्यायचं?"

"चाललंय की आबा तासभर."

"हे? हे तर खेळनं हाय."

"तेच औषध. बोगद्यात रांगताना डाव्या हातावर वजन पडतं. कणकेत मणी शोधताना मूठ उघडते. तिला हात उघड म्हटलं तर ती उघडत नाही. मण्यासाठी उघडते. मुलांना कारण लागतं, आबा."

"आमच्या तालमीत कारन न्हवतं. वस्ताद म्हनला जोर मार, की मारायचे. तालीम म्हंजी तालीम, खेळ म्हंजी खेळ."

"मग कुस्ती काय होती?" एंजेला मॅडमने मणी गोळा करत विचारलं. "नोकरी?"

आबांनी ज्ञानूच्या चपला शोधल्या आणि तिला घेऊन जिना उतरले. घरी येऊन मात्र त्यांनी निकाल दिला. मॅडमनी घरी खेळायला दिलेला प्लास्टिकचा डबा त्यांनी ज्ञानूपुढे ठेवला. आत तांदळाचं पीठ होतं, त्यात वस्तू पुरायच्या आणि शोधायच्या. झाकण आट्यांचं. पंकजा ते कायम अर्धाच आटा फिरवून सैल ठेवायची, कारण मॅडमनी तसं सांगितलं होतं. डाव्या हाताने डबा धरून उजव्याने झाकण फिरवायचं, एवढं जमलं तर खूप जमलं.

"उघड," आबा म्हणाले.

ज्ञानूने डब्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं, आणि म्हणाली, "तुमी माझ्यासंगं खेळा. मग उघडते."

"म्या खेळू? माझं वय काय?"

ज्ञानूने डबा उघडला नाही. पंकजाने समजावलं, बनुबाईंनी खडीसाखर दाखवली. डावा हात छातीशी तसाच.

"बघा," आबा म्हणाले. "वरीस गेलं, झाकन फिरंना. रविवारी सुपारी झाली की लग्नाची धावपळ हाय. केडगावच्या फेऱ्या बंद. हा डबा जवा तिच्या हातानं उघडंल आन् लागंल, तवा बघू."

आत जाऊन पंकजाने पोळपाट जरा जोरात ठेवला, इतकंच.

आणि आज सकाळी परसात अंघोळ करून येताना आबांचा पाय माजघरात त्याच डब्याला अडखळला. पाहुणे यायच्या दिवशी हे पसारे! त्यांनी डबा उचलला, कपाटाच्या वर अगदी मागे ढकलला, "आजपास्नं बंद" असं म्हणाले, आणि दात घालायला मोरीकडे गेले.

पुढचं झालेलंच आहे.

त्याहून थंड

परात रिकामी होती, कारण कणीक वाटून झाली होती. एवढ्या पोळ्या एका चुलीवर होत नाहीत. वस्तीवर कार्य असलं की गल्लीतल्या घराघरात पीठ जातं आणि पोळ्या परत येतात. बनुबाई मात्र पीठ देत नसत. "पुरनाची कनीक एका हातची पायजे," असं म्हणून त्या पहाटे उठून सगळी कणीक स्वतः तिंबायच्या आणि नुसते गोळे वाटायच्या. आज चार घरांत चार गोळे गेले होते. त्यातल्या एकात आबांचे दात होते. निदान बनुबाईंचा तसा पक्का समज झाला होता.

"आता काय सांगू बायांना?" त्यांनी विचारलं. "आमच्या ह्यांचे दात बघा?"

आबांनी उपरणं तोंडावर धरून इतक्या जोरात मान हलवली की पगडी असती तर पडली असती.

"मग?"

आबांनी बोटाभोवती दुसरं बोट गोल फिरवलं.

"अंगठी? अंगठी पडली म्हनू?"

मान खाली-वर झाली.

बनुबाई निघाल्या. ज्ञानूला एकटी सोडली तर आणखी काही लपवेल, म्हणून तिलाही बखोटीला धरून घेतलं. पहिलं घर पुष्पावतीचं. पुष्पावतीला एखादी गोष्ट सांगितली की गावात वेगळी दवंडी लागत नसे.

"पुष्पे, तवा उतरव. कनकेत कानिफची अंगठी पडलीय."

"आगं बाई! सोन्याची?"

"मग काय पितळंची देऊ सुनंला? घाल हात."

पुष्पावतीने गोळ्यात कोपरापर्यंत हात घातले. तिची सासू आली, जाऊ आली. तिघींनी गोळा फाडला, चेपला, ताणला, उलटा केला. मागे उभी राहून ज्ञानू म्हणाली, "थंड."

"काय झालं गं पोरी?"

"थंड. लई थंड."

"कनकन आलीय हिला," पुष्पावतीची सासू म्हणाली. "आईला ताप हुता ना? तोच हिच्यात उतरला."

दुसऱ्या घरी ज्ञानूने गोळ्याकडे बघून "अजून थंड" म्हटलं, तेव्हा त्या घरच्या बाईने ट्रंकेतून स्वेटर काढून तिला घातला. स्वेटर तिच्या थोरल्या मुलाचा होता. ज्ञानूचे हात बाह्यांत कुठे गेले ते दिसेना. तिसऱ्या घरी माकडटोपी मिळाली. ज्ञानूने काही तक्रार केली नाही. आख्खी गल्ली आपल्यासोबत खेळतेय म्हटल्यावर एवढं चालायचंच, असं तिचं म्हणणं असावं. घामाने लाल झालेल्या तोंडाने ती प्रत्येक घरात तितक्याच इमानाने सांगत होती, "थंड."

हा खेळ पंकजाला ठाऊक होता. एंजेला मॅडम वस्तू लपवली की असंच सांगायच्या. लांब गेलं की थंड, जवळ आलं की गरम. पण पंकजा घरी पुरण वाटत होती, आणि तिला काहीच माहीत नव्हतं.

चौथ्या घरातही काही निघालं नाही. पण आता गल्लीतल्या बायका ऐकेनात. अंगठी जाईल कुठे? पुन्हा पहिल्यापासून बघू. चारही गोळे पुन्हा तिंबले गेले. एकमेकींचे बघून झाले. हात भरून आल्यावर कुणी डाव्या हाताने सुरुवात केली. पुष्पावतीच्या अंगणात सगळ्या फतकल मारून बसल्या आणि "माझ्या बोटाला काय तरी लागलं" म्हणून एकमेकींना फसवायला लागल्या. त्यांच्या खिदळण्यात बनुबाईंना क्षणभर विसर पडला की आपण काय शोधतोय.

मग जीपचा हॉर्न वाजला.

परत थंड

पाहुण्यांत पुढारी होते मुलीचे आजोबा, श्रीमंत अण्णा. पांढरा फेटा, दाट मिशा, आणि तोंडात सदा तंबाखू असल्यासारखं मोजकं बोलणं. ते ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "सूर्यभानराव, तुमचं लई नाव ऐकून हाय. आमच्यातले निम्मे लोक तर सुपारी बघायला आलेत."

आबांनी उपरण्याआडून हात जोडले.

"बोला की काय तरी."

आबांनी बनुबाईंकडे पाहिलं. बनुबाईंच्या हाताला कोपरापर्यंत कणीक होती आणि डोक्यात काहीच नव्हतं.

"मौन हाय त्यांचं," त्या म्हणाल्या.

"मौन?"

"सुपारी फुटूस्तवर. घरात कार्य असलं की पाळत्यात."

आबा चकित झाले. मग त्यांनी डोळे मिटून मान हलवली, जणू हे ते पिढ्यान्‌पिढ्या करत आले होते.

बैठकीत कुजबुज झाली. मौन पाळणारा माणूस म्हणजे मोठाच असणार. पण लग्नाच्या बैठकीत यजमानच बोलत नसेल तर बोलायचं कुणाशी? अण्णांनी प्रयत्न केला.

"औंदा ऊस किती?"

आबांनी बोटं दाखवली. मग हात हलवून ती बोटं खोटी असल्याचं दाखवलं. मग पाण्याचा नळ आणि तो बंद झाल्याचं.

"चार एकर?" एक पाहुणा.

"चार टँकर?" दुसरा.

"चार एकर होता, पानी गेलं, दोन राह्यला," ओट्याच्या कडेवरून आवाज आला. माकडटोपीतून. आबांनी चमकून बघितलं. अगदी तेच त्यांना म्हणायचं होतं.

"ही कोन?" अण्णांनी विचारलं.

"नात," आदिनाथ म्हणाला. "थोरली... म्हंजे एकच हाय."

"हिला कळतं व्हय त्यांचं?"

ज्ञानूला कळत होतं. केडगावला तिने कितीतरी वेळा न बोलता सांगायचा खेळ खेळला होता. आबांनी कप ओठाला लावून दाखवला, ती म्हणाली "चहा". आबांनी कपाळाला हात लावून पोटावर फिरवला, ती म्हणाली "आबा म्हनतायत, भूक लागली आसंल तर आदी जेवून घ्या". अण्णांच्या बाजूचा एक तरणा पाहुणा पुढे सरकला, "आता मला ओळखू दे." आबांनी त्याला मुद्दाम अवघड खूण केली. त्याने "म्हैस" म्हटलं. खूण विहिणीची होती. बैठक हसून लोळली, आणि विहीणबाईसुद्धा पदरात हसल्या. आबांनी पुढची खूण केली, त्याच्या पुढची केली. गुडघ्यावर आले. हातांनी विमान केलं. सत्तरी पार केलेल्या माणसाने गेल्या कित्येक वर्षांत इतकं अंग हलवलं नव्हतं, आणि ज्ञानू टाळ्या वाजवत, म्हणजे उजवा हात मांडीवर आपटत, ओरडत होती, "आता माझी पाळी! आता आबांची!"

त्याच वेळी पुष्पावती आत आली.

"बनुआक्का, न्हाई बाई सापडत अंगठी. चारी गोळे चाळून काढले."

हसणं जागच्या जागी थांबलं.

"कुठली अंगठी?" श्रीमंत अण्णांनी विचारलं.

"आमच्या कानिफची की. नवरीची अंगठी कनकेत पडली ना."

अण्णांनी आपल्या माणसांकडे पाहिलं. एका बाईने हळूच म्हटलं, "सुपारीच्या दिवशीच अंगठी?" दुसरीने ओठ दाबले. अंगठी हरवली यापेक्षा ती मुळात केलीच नव्हती की काय, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

कानिफनाथ आत पळाला. कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि तो डबी हातात घेऊन धावत बाहेर आला. "सापडली! आगं आई, कपाटातच हाय!"

त्याला वाटलं सगळे आनंदून जातील.

"मग," पुष्पावती कमरेवर पिठाचे हात ठेवून म्हणाली, "सकाळधरनं आमी कनकेत काय शोधतोय?"

सगळी बैठक बनुबाईंकडे बघायला लागली. बनुबाई आबांकडे. आबांनी उपरणं डोळ्यांपर्यंत वर घेतलं.

"थंड," ज्ञानू समाधानाने म्हणाली.

कोमट

पंकजा पुरणाचं पातेलं घेऊन दारात उभी होती. तिने ते खाली ठेवलं.

"काय म्हणाली ही?"

"सकाळपासनं तेच बरळतीय," बनुबाई म्हणाल्या. "थंड, थंड. अंगात कनकन हाय तिच्या."

पंकजाने मुलीकडे बघितलं. स्वेटर, माकडटोपी, घामाचे ओघळ. तिच्या तोंडावर हसू फुटायला लागलं, पण तिने ते आवरलं. ती स्वयंपाकघराकडे एक पाऊल सरकली.

"ज्ञानू, मी?"

"थंड."

पंकजा माजघराकडे वळली.

"कोमट!"

मग अण्णांबरोबरचा तो तरणा पाहुणा उठला. त्याला काय शोधायचं ते माहीत नव्हतं, पण हा खेळ त्याला येत होता. "आन् मी?"

"थंड. तुमी लई थंड."

विहीणबाई उठल्या. पुष्पावती उठली. हळूहळू सगळीच माणसं माजघराच्या दिशेने सरकायला लागली. कुणी दिवाणाखाली वाकलं, कुणी शिवणयंत्राचं झाकण उचललं, आणि ज्ञानू एकेकाला निकाल देत राहिली. एकटे आबा बसून होते. ज्ञानू त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आबा, तुमी न्हाई खेळत?"

आबांनी तिच्याकडे बघितलं. मग उपरणं सावरत उठले.

गरम

दिवाणापाशी कोमट. देव्हाऱ्यापाशी थंड. कपाटापाशी गरम.

"ते तर मी आताच बघितलं," कानिफनाथ म्हणाला.

आबांनी हात वर केला. ज्ञानू उड्या मारायला लागली. टोपी तिच्या डोळ्यांवर आली होती, तरी ती ओरडत होती, "गरम! गरम! आबा, अजून वर!"

कपाटाच्या वर मागच्या बाजूला आबांच्या बोटांना डबा लागला. तोच डबा. त्यांनीच सकाळी ढकललेला.

चटका

आबांनी डबा खाली घेतला, पाहुण्यांकडे पाठ केली आणि झाकण फिरवलं.

फिरलं नाही.

त्यांनी हात धोतराला पुसला, डबा पोटाशी धरला आणि पैलवानी जोर लावला. करकर आवाज करत झाकण सुटलं. आत तांदळाच्या पिठात, नांगरलेल्या वावरात उभं राहावं तसे, आबांचे दात हसत होते.

कुणीही शहाणा माणूस आता काय करेल? पाठ तशीच ठेवून दात उचलेल, झटकेल, तोंडात घालेल, आणि मौन सोडेल. मान वाचला असता, सुपारीही फुटली असती.

आबा वळले. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पिठाने माखलेले दात, उपरणं खांद्यावर घसरलेलं, आणि तोंड उघडं.

"ह्यो डबा," ते म्हणाले, "कुनी लावला?"

शब्द सगळे फुंकर होऊनच आले. तरी प्रत्येकाला कळले. पुष्पावतीने तोंडावर हात ठेवला. गालाला पीठ लागलं.

"पंकजा, तू?"

"न्हाई आबा. मी सैल ठेवते. नेहमीच."

"बने?"

"मला उघडत न्हाई ते, लावू कशाला?"

"कानिफ?"

"मी सकाळी दाढी करीत होतो."

"मग घट्ट कुनी लावला? माझ्या हाताला हार गेला न्हाई!" आबांचा आवाज चढला होता. दात हातात आहेत, बैठक बघतेय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी डबा फिरवून बघितला. डब्याच्या अंगावर पांढरा ठसा होता. लहान पंजाचा. पाचही बोटं उघडलेली.

पंकजा खाली बसली आणि तिने ज्ञानूच्या स्वेटरची बाही वर केली. उजवी. हात स्वच्छ होता. मग डावी वर केली.

तळहातापासून मनगटापर्यंत तांदळाचं पीठ. सकाळी सगळ्यांनी पिठाचा हात बघितला होता. कोणता हात, ते कुणीच बघितलं नव्हतं.

पंकजाने तो हात धरून ठेवला.

"घट्ट लावला," ज्ञानूने समजावलं. "न्हाई तर दात बाहेर आले असते."

मग श्रीमंत अण्णा पुढे आले, आबांच्या तळहातावरच्या दातांकडे वाकून जाणकाराच्या नजरेने बघितलं आणि विचारलं, "शिर्डीचे का?"

आबांनी मान हलवली.

"गल्लीतला? जिना चढून?"

"व्हय."

"आमचेबी तिथलेच," अण्णा म्हणाले. "मी घरी सांगितलं, नवस हाय."

पहिल्यांदा विहीणबाई हसल्या. मग कोण हसलं आणि कोण नाही हे सांगता येणार नाही.

सुपारी फुटली ती दुपारी. आबांनी दात धुऊन घातले होते, पण गुळाने चिकटवलेली सुपारी त्यांनी स्वतःच बनुबाईंना परत दिली आणि साधी, अख्खी मागवली. मग लोखंडी खलबत्ता आणवला. ज्ञानूला मांडीत घेतलं. तिची माकडटोपी अजून डोक्यावर होती, काढू देईना.

"ह्या हातानं खल धर," ते म्हणाले. "ह्या हातानं बत्ता मार."

"का?"

आबा थांबले. वस्तादाने कधी कारण सांगितलं नव्हतं.

"तुझ्या काकाचं लगीन लावायचंय म्हनून."

ज्ञानूने डावा हात खलाला लावला. तो घसरला. तिने परत लावला. ती मारी, सुपारी उडून बाहेर पडे, अण्णा वाकून उचलून परत आत टाकत. असं बरंच चाललं. पाहुण्यांना घाई नव्हती. शेवटी 'कट' झालं. खरं.

जेवताना पाहुण्यांनी पोळ्यांची फार तारीफ केली. इतकी मऊ कणीक नेवाशाकडे कुणाला जमत नाही, असं विहीणबाई म्हणाल्या. पुष्पावतीने सांगितलं, नुसतं तिंबून भागत नाही, डाव्या हातानेही तिंबावी लागते.

गुरुवारी केडगावच्या खोलीत एंजेला मॅडमने कापडी बोगद्याच्या तोंडाशी वाकून बघितलं. ज्ञानू पलीकडून केव्हाच बाहेर पडली होती. आत आबा अडकले होते.

"आबा, निघता येतंय का? की ओढू?"

"ओढू नका," आतून आवाज आला. "पोरगी म्हनतीय मी गरम हाय."

ज्ञानेश्वरीने तो डबा पहिल्यांदा उघडला होता तो सुपारीच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी दुपारी, घरातले सगळे झोपलेले असताना. आत नुसतं पीठ होतं, म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही.